पाहणी फुकट

सोमवारी सव्वाअकराला फोन वाजला आणि पलीकडून माझ्या मुलीनं मला विचारलं, "क्रेन भाड्यानं मिळते ना तुमच्याकडे?" मी म्हणालो, "मिळते. वजन किती, उंची किती, आणि क्रेन उभी कुठे राहणार?" हे वाक्य मी सव्वीस वर्षं म्हणत आलोय. ते तोंडातून आपोआप निघालं, आणि आवाज ओळखला तो त्याच्या नंतर. तोवर वाक्य संपलेलं होतं आणि मी पेनाचं टोपण काढून बसलो होतो. आठ वर्षं हा आवाज मी ऐकला नव्हता. आधी वाटलं, तिची आईच बोलतेय. पण तिची आई आकडा सांगताना कधी थांबत नाही, आणि ही "नऊशे" म्हणण्याआधी घसा साफ करून थांबली, लहानपणी पाढ्यात सतरा नव्वे आलं की थांबायची तशी. "नऊशे किलो," ती म्हणाली, "तिसरा मजला. खाली उतरवायचंय. कागद कापायचं मशीन आहे, ओतीव लोखंडाचं." मग तिनं पत्ता सांगितला. मी तो लिहून घेतला. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तो माझाही पत्ता होता, तरी मी तिला पिनकोडसुद्धा विचारला. काय माणूस आहे मी.

नाव कुणाचं लावू, असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाइंडिंगवाल्या बाई असं लिहा, पोचतं." मी तसं लिहिलं. माझा फोनवरचा आवाज वेगळा आहे, ते मला माहीत आहे. ऑफिसात बसलो की आवाज जाड होतो, दर सांगताना तर एखादा भिंतीवरचा फलकच बोलतोय असं वाटतं. तेव्हा तिनं ओळखलं नसणार, असं मी मनाशी धरून चाललो आणि सगळ्यांना सांगतो ते तिला सांगायला लागलो. काम चाळीस मिनिटांचं असलं तरी भाडं कमीत कमी आठ तासांचं. क्रेन आमच्या आवारातून बाहेर पडली की घड्याळ सुरू, परत आली की बंद. वारा सुटला आणि क्रेन नुसती उभी राहिली तरी भाडं चालूच. वजनापेक्षा अंतराचे पैसे जास्त, कारण जवळून दोन टन उचलणारी क्रेन लांबून अर्धा टन उचलताना रडते. लोक इथे हमखास भांडतात. "चाळीस मिनिटांचे आठ तास? अहो, काही लाज?" असंही एकजण म्हणाला होता. ही भांडली नाही. नुसतं "हं, हं" करत ऐकत राहिली. मग म्हणाली, "घेणारा तीस हजार देतोय मशीनचे. तुमचं भाडं किती होईल?" मी म्हणालो, "पंचवीस टनी नेली तर बावीस. पण बारा टनीत भागेल. पंधरा." तीस हजारांचं जुनं मशीन उतरवायला पंधरा हजार कोण घालतं? घेणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, तूच उतरवून ने, चार पैसे कमी दे. हे मी इतर कुणालाही सांगितलं असतं. तिला नाही सांगितलं. वाटलं, पोरीला व्यवहार कळत नाही, आणि कळत नसला तर तो शिकवायला घरात कोण होतं.

"पाहणीला माणूस येतो ना आधी?" तिनं विचारलं. "तुमच्या कागदावर खाली लिहिलेलं असतं, पाहणी फुकट." आता या पाहणीचं सांगायला हवं. कुठलीही क्रेन पाठवायच्या आधी आमच्यातला एकजण टेप घेऊन जागा बघून येतो: गेट किती रुंद, वरून तारा जातात का, जमीन घट्ट आहे का, क्रेनचे चार पाय पसरून टेकायला जागा मिळते का. या कामाला मालकांनी मला ठेवलेलं आहे. सव्वीस वर्षांत पाहणी न करता मी एक क्रेन हलवलेली नाही, आणि आवारातले लोक यावरून माझी टिंगलही करतात, की हा स्वतःच्या लग्नाआधी मांडवाचीही पाहणी करून आला असणार. आणि मी तिला म्हणालो, "गरज नाही. ती जागा माझ्या... ती गल्ली आम्हाला माहीत आहे. मागच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथून खिडकी सहा मीटरवर येते. बारा टनी आरामात बसेल." ती म्हणाली, "नक्की? कुणी येणार असेल तर आम्ही घरीच आहोत. शुक्रवारपर्यंत आहोत." मी म्हणालो, "कशाला उगाच तुमचा वेळ." तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मी तिचे सात हजार वाचवल्याच्या आनंदात पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो.

खरं सांगायचं तर आनंद वगैरे नंतर. मी घाबरलो होतो. आठ वर्षांपूर्वी, बंदरावरच्या कामावरून परत आलो त्या आठवड्यात, मी त्या घरी गेलो होतो. दार मुलीनं उघडलं होतं. सतरा वर्षांची होती. "आई कामात आहे," म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत बसलो. आतून ब्रशचा आवाज येत होता, पुठ्ठ्यावर खळ लावताना येतो तो, आणि तो थांबला नाही. तिनं पाणी आणून दिलं, ते प्यायलो. भिंतीशी वह्यांचे गठ्ठे दोरीनं बांधून ठेवलेले होते, आणि वाटलं, मी आपली वही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आहे, वही अजून वाळलेली नाही, उद्या या. मी उठलो तेव्हा कुणी बसा म्हणालं नाही. भांडण नव्हतं, आरडाओरडा नव्हता, काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान पुढच्या वेळी उत्तर देता येतं.

बंदरावरचं काम तीन महिन्यांचं होतं. आमच्या चार क्रेन तिथे भाड्यानं गेल्या आणि त्यांच्यामागे मी. गिऱ्हाइकांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो: मुदत आधी ठरवा. दहा दिवस म्हणून क्रेन नेतात, काम संपत नाही, मग रोज फोन करून एकेक दिवस वाढवत बसतात आणि रोजच्या दरानं पैसे भरतात. पहिल्याच दिवशी महिना म्हणाले असते तर अर्ध्यात पडलं असतं. वर्षभर असं करत राहिलेला एक ठेकेदार मी पाहिलाय, त्यानं भाड्यात क्रेनची किंमत भरली आणि शेवटी क्रेन आमचीच. हे सांगताना मी हसतो. बंदरावर मी स्वतः तीन महिन्यांचे सहा केले, सहाचे नऊ. बायको फोनवर विचारायची, "कधी येताय?" मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात, नक्की." मुलगी तेव्हा चौदाची. तिला आधी फोनवर यायचं असायचं, मग अभ्यास असायचा, मग ती घरातच नसायची. एखाद्या दिवाणखान्यातला पंखा बंद पडावा आणि कुणाच्या लक्षात येऊ नये, तसा तो प्रश्न कधीतरी थांबला. तीन वर्षांनी काम संपलं तेव्हा मला जायला आमच्या आवाराजवळची एक खोली होती, तीही तात्पुरती म्हणून घेतलेली. तिथे आता आठ वर्षं झाली. घरमालकीण अजून दर महिन्याच्या एक तारखेला जिन्यात विचारते, "या महिन्याला आहात ना?" मी म्हणतो, आहे. खोलीत एक खाट आहे, एक खुर्ची आहे. दुसरी खुर्ची घ्यायचं दोनदा मनात आलं, पण तात्पुरत्या जागेत सामान कशाला वाढवायचं.

ते मशीन वर चढवलं मीच. मुलगी चार वर्षांची होती. बायकोनं कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातून ते घेतलं होतं आणि हमालांनी जिना बघून हात वर केले होते. क्रेन परवडण्यासारखी नव्हती. मग एका दुपारी जवळच एका गिऱ्हाइकाचं काम दोन तासांत आटपलं. त्यानं आठ तासांचे पैसे भरलेले होते, सहा तास उरले होते. मी ऑपरेटरला म्हणालो, चल, वाटेत एक गंमत करून जाऊ. हा ऑपरेटर म्हणजे घुम्या. दिवसाला दहा शब्द बोलेल तर शपथ. तो आला, मागच्या मोकळ्या जागेत क्रेन लावली आणि नऊशे किलोचं ते लोखंडी धूड अलगद वर नेलं. बायको तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. मशीन तिच्यासमोर हवेत तरंगत आलं तेव्हा तिनं एक हात लांब करून त्याच्या चाकाला लावला, एखाद्या जनावराच्या नाकाला लावतात तसा. रात्री जेवताना म्हणाली, "भरलेल्या आठ तासांतले उरलेले तास कुणाचे हो?" मी म्हणालो, "कुणाचेच नाहीत." "मग असेच आणत जा," ती म्हणाली. मी एवढा सुखी पुन्हा झालो असेन, पण मला तरी आठवत नाही. नंतर पोरगी माझ्या टेपशी खेळायची. मी घरातलं काहीही मोजायला निघालो की ती टेपचं पुढचं टोक पकडून भिंतीशी पळायची. मी ओरडायचो, "शून्य धर!" आणि ती दोन्ही हातांनी धरायची.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी काय केलं म्हणाल तर शनिवारी स्वतः जायचं ठरवलं, एवढंच. उतरवताना एकजण खाली उभा राहून हातानं खुणा करतो, ते काम मी करणार. हेल्मेट घातलं की माणसाला कुठल्याही घरात जायचा हक्क मिळतो, कुणी विचारत नाही तू कोण. मशीन खाली टेकलं की पावतीवर सही घ्यायला वर जायचं. तिथे त्या दोघी असतील. मग म्हणायचं... इथे गाडी अडायची. "कशी आहेस" हे आठ वर्षांनी म्हणायचं म्हणजे तोंडात मारून घेण्यासारखं. "मशीन का विकतेस" हे विचारायचा मला अधिकार काय? पण मला ते खरंच विचारायचं होतं. आंघोळ करताना, ऑफिसात चहा पिताना मी वाक्यं लावून बघत होतो आणि सगळी दर सांगितल्यासारखी वाटत होती. शेवटी ठरवलं, माफ कर म्हणायचं. तेवढं एक. मला त्या घरात पुन्हा एकदा बसायचं होतं आणि या वेळी कुणीतरी बसा म्हणावं, असं मला फार वाटत होतं. या वयात असं वाटण्याची लाज वाटत होती, तरी गुरुवारी मी शर्टाला इस्त्री केली.

शुक्रवारी दुपारी तिचा पुन्हा फोन. "उद्या नक्की ना?" मी म्हणालो, नक्की, नऊ वाजता. "आणि आज कुणी येऊन बघून जाणार नाही ना?" मी म्हणालो, "नाही हो. काळजी करू नका. ती जागा डोळे मिटून सांगेन." पलीकडे तिनं फोनवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी सांगितलं. मग दुरून भांडी सरकवल्यासारखा एक आवाज, आणि ती म्हणाली, "ठीक आहे मग."

शनिवारी मी घुम्याच्या शेजारी बसून गेलो. पत्ता बघून त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत रस्त्याकडे. त्याला आठवत होतं. त्याचे आता सगळे केस पांढरे झालेत. गल्ली तशीच होती, फक्त वाटलं होतं त्याहून अरुंद. वरच्या खिडकीची जाळी गवंड्यानं आधीच काढून ठेवली होती आणि आमची दोन माणसं पट्टे घेऊन वर गेली. मुलगी खाली गेटपाशी उभी होती. उंच झालीय. केस बारीक कापलेत. मी हेल्मेट घालून उतरलो, आणि ती माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "आलात." मी म्हणालो, "गेट उघडं ठेवा." मी वर बघितलं, खिडकीत कुणी नव्हतं.

घुम्यानं क्रेन मागच्या मोकळ्या जागेत घातली, पण पाय पसरायच्या आधी तो खाली उतरला. दोन पावलं चालला, थांबला, टाच आपटली. पुन्हा दुसरीकडे आपटली. मग मला हातानं बोलावलं. "खाली पोकळ आहे," तो म्हणाला. मी टाच आपटली. जमिनीखालून पाण्याचा आवाज आला. कोपऱ्यात एक लोखंडी झाकण होतं, त्यावर कुणीतरी कुंडी ठेवलेली. "टाकी आहे," मुलगी मागून म्हणाली, "पाण्याची. सहा वर्षं झाली बांधून. सगळ्या बिल्डिंगची." टाकीच्या छतावर क्रेनचा पाय टेकवला तर क्रेन आत जाते, हे या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. आणि ते बघायला कुणी जायचं असतं? मी. मी डोळे मिटून सांगितलेली जागा सहा वर्षांपूर्वीच गेली होती. घुम्यानं क्रेन बाहेर काढून गेटात उभी केली. तिथून खिडकी अकरा मीटर. करून बघू, असं त्यानं खांदे उडवून सांगितलं. वरून खूण आली, हूक ताणला गेला, आणि मशीन खोलीच्या फरशीवरून बोटभर उचललं जायच्या आधीच क्रेनचा भोंगा वाजायला लागला. झेपत नाही, असं ती क्रेन सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होती. शेजारच्या गॅलऱ्यांत लोक आले. घुम्यानं हूक सैल केला, भोंगा बंद केला, उतरून म्हणाला, "नाही." आणि बिडी पेटवायला लांब गेला.

मी मुलीसमोर जाऊन उभा राहिलो. "चूक माझी," मी म्हणालो. "पंचवीस टनी आणावी लागेल. आजचं भाडं तुम्ही देऊ नका, ते माझ्याकडे. आणि या वेळी पाहणी करतो, नीट. तिचे पैसे नसतात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर फोन केला होता."

मला कळलं नाही. मग ती सांगत गेली, घाई न करता, तिच्या आईसारखी. मशीन घेणारा स्वतःच उतरवून नेणार होता, चार हजार कमी देऊन. आईच म्हणाली नको. आईचे अंगठे आता वळत नाहीत, बाइंडिंग बंद केलं, घर सोडून लेकीकडे राहायला जायचं ठरलं. त्या ऑफिसात फोन कर, म्हणाली, ते आधी बघायला माणूस पाठवतात, आणि माणूस तिथे एकच आहे. पंधरा हजार जाऊ देत. "तिचं तिकीट मंगळवारचं होतं," मुलगी म्हणाली. "ते शुक्रवारवर नेलं. चार दिवस खिडकीपाशी बसून होती. काल तुमचं 'काळजी करू नका' मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं खुर्चीवरून उठून आपले डबे बॅगेत भरले. संध्याकाळच्या गाडीनं गेली."

"तू मला फोनवर ओळखलंस?"

"तुम्ही 'मिळते' म्हणालात तेव्हाच. तुम्ही?"

"तू नऊशे म्हणालीस तेव्हा."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

तू का नाही बोललीस, असं मी विचारू शकलो असतो. पण पाहणीचं विचारून ती तीनदा बोलली होती. मी हेल्मेट काढलं. तिनं जिन्याकडे बोट दाखवलं आणि पुढे झाली. तीन मजले मी तिच्या मागोमाग चढलो, मध्ये एकदा दम घ्यायला थांबलो, तीही न सांगता थांबली. वरची खोली रिकामी होती. खळीचा वास मात्र भिंतींनी सोडला नव्हता. मशीन मधोमध, पट्टे बांधलेलं. त्याच्या चाकाची मूठ हात लागून लागून चकचकीत झाली होती. खिडकीपाशी गल्लीकडे तोंड करून एक खुर्ची होती. आमची माणसं खाली गेली. मुलगी म्हणाली, "बसा." मी बसलो. तिथून गेट दिसत होतं, आणि गल्ली पार कोपऱ्यापर्यंत. येणारा माणूस लांबूनच दिसला असता.

थोड्या वेळानं मी उठलो आणि टेप काढला, कारण काहीतरी करणं भाग होतं. मी काही म्हणायच्या आत तिनं पुढचं टोक घेतलं आणि मशीनच्या पायाशी वाकून धरलं. मी खिडकीपर्यंत गेलो, आकडा वाचला, फॉर्मवर लिहिला. खिडकीची रुंदी, कठड्याची उंची. फॉर्मवर चौदा रकाने आहेत, मी सावकाश भरत होतो. "मोठी क्रेन कधी मिळेल?" तिनं विचारलं. पंचवीस टनी आवारात रिकामी उभी होती, उद्याही मिळाली असती. मी म्हणालो, "बघावं लागेल. आणि त्याआधी आणखी एक पाहणी होते. दुसरी." असा काही नियम नाही.

ती खाली वाकलेलीच होती, टेपचं टोक धरून. "इथे आता कुणी नसणार, बाबा. मी किल्ली शेजारी ठेवून जाणार आहे. आणि आमचं घर तळमजल्यावर आहे. तिथे उचलायचं, उतरवायचं काही नाही. नुसतंच यावं लागेल."

"ती दार उघडेल?"

"ते मी कसं सांगू," ती म्हणाली. आणि जरा थांबून, घसा साफ करून, तिनं घराचा नंबर सांगितला, मग रस्ता. माझ्याजवळ दुसरा कागद नव्हता. फॉर्मवर वरतीच 'साईटचा पत्ता' अशी ओळ असते, तिथला पत्ता खोडून मी नवा लिहायला लागलो.

"सोडू का आता?" तिनं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो. "नंबर परत सांग."